चवीपुरता जवळा

“सुचिताबेन, विहिरीचं पाणी संपलं,” फोनवर हिरल म्हणाली. “अजून थोडं पाठवाल का? बा म्हणतात, भाजी अजून तशी लागत नाही.”

सुचिताने हातातली ओली चादर दोरीवर टाकली आणि “पाठवते” म्हणाली. दुसरं काय म्हणणार? काशीदच्या एका होम स्टेच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून मांडव्याला जातं, तिथून बोटीने मुंबईला, मग घाटकोपरच्या एका उंच इमारतीत लिफ्टने वर चढतं आणि तिथे त्यात वांगी शिजतात, हे कुणाला सांगितलं तर तो पोट धरून हसेल. सुचिताला हसू येत नव्हतं. ही सगळी यात्रा तिच्याच एका शब्दापासून सुरू झाली होती आणि तो शब्द आठवला की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हिरल, तिचा नवरा, मुलगा आणि सासू असे चौघं तिच्याकडे उतरले होते. सासूबाईंना सगळेच बा म्हणत. मंडळी पक्की शाकाहारी. कांदालसूण चालायची, एवढीच काय ती सवलत. सुचिताने त्यांच्यासाठी नवी पातेली आणली, नवा झारा आणला, मासळीचे डबे उचलून पडवीत नेऊन ठेवले. एवढा बंदोबस्त करणाऱ्या बाईने एकच गोष्ट हिशेबात धरली नाही, ती म्हणजे तिची स्वतःची सासू.

येसूबाईंचं मत असं, की पाहुण्याला नुसती भाजी वाढणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परत पाठवण्यासारखं आहे. या किनाऱ्यावर वांग्यात, दुधीत, शेंगांत मूठभर सुका जवळा पडायचाच. नुसती भाजी खायची ती श्रावणात, नाहीतर सुतकात. आणि इथे तर दिवाळी होती. सुचिता पानं मांडायला बाहेर गेली तेवढ्यात येसूबाईंनी भाजलेला जवळा तळहातावर चुरला आणि त्या नव्याकोऱ्या पातेल्यात सोडून दिला. जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोळंबी. चुरल्यावर ती आपलं अस्तित्व चवीपुरतंच ठेवते.

बांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसऱ्यांदा भाजी घेतली. तिसऱ्यांदा घेताना त्यांना ताटाच्या कडेला काहीतरी दिसलं. वाढायला वाकलेल्या सुचितालाही ते दिसलं. चुरायचा राहून गेलेला एक अख्खा जवळा दोन काळ्या ठिपक्यांएवढ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता.

“आ शुं छे? हे काय आहे?” बांनी विचारलं.

“मसाला,” सुचिता म्हणाली.

बांनी तो मसाला भाकरीच्या तुकड्याने उचलून खाल्ला. खरं बोलायची वेळ तेवढीच होती आणि ती गेली. सुचिता तडक स्वयंपाकघरात आली.

“आई, भाजीत जवळा टाकलात?”

“टाकला. चवीपुरता,” येसूबाई म्हणाल्या. “बघ कशी चाटूनपुसून खातेय म्हातारी.”

“अहो, ते शाकाहारी आहेत.”

“मी कुठं न्हाय म्हनते? जवळा काय मासळी हाय व्हय? तळून पानात पडते ती मासळी.”

या युक्तिवादावर काशीदमध्ये तरी उत्तर नव्हतं. सुचिता गप्प बसली आणि गप्प बसण्याचं व्याज सुरू झालं.

दिवाळीनंतर हिरलने भाजीची कृती मागितली. सुचिताने ती दिली, अर्थात जवळा वगळून. भाजी जमली नाही. काय राहिलं असेल, असं हिरलने विचारल्यावर सुचिता म्हणाली, “आम्ही चुलीवर करतो.” हिरलने गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवली, वरच्या मजल्यावरच्यांनी धुराची तक्रार केली. भाजी जमली नाही. “आमचं मातीचं भांडं असतं,” सुचिता म्हणाली. मातीचं भांडं आलं, तडकलं, दुसरं आलं. मग एकदा सुचिताला काहीच सुचेना, म्हणून समोर जी विहीर दिसत होती तिचं नाव तिने घेतलं. त्या दिवसापासून तिचा नवरा नामा ओळखीच्या टेम्पोने मांडव्याला कॅन धाडू लागला.

नामाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं, की आपल्या विहिरीच्या पाण्याला मुंबईतून मागणी आहे. त्याने रस्त्यावर एक मोठा बोर्ड रंगवून घेतला. ‘येथे विहिरीच्या पाण्यातले प्रसिद्ध वांगे मिळेल. शुद्ध शाकाहारी.’ येणाराजाणारा पाहुणा ते वांगं मागायचा. सुचिता येसूबाईंना काहीतरी कारण काढून बाहेर पाठवायची, बिनजवळ्याचं वांगं करायची, आणि पाहुणे “बरं आहे” म्हणून खायचे. दूध आणायला जाताना तिला त्या बोर्डाखालून जावं लागे. ‘शुद्ध’ हा शब्द पेंटरने लाल रंगात काढला होता.

इथवरही तिने ओढून नेलं असतं. माणूस खोट्याबरोबर बराच काळ संसार करू शकतो. पण एका दुपारी हिरलचा फोन आला तो वेगळ्या आवाजात.

“सुचिताबेन, माझ्या हातातच काही नाही का हो?” ती हळू बोलत होती, बहुतेक बाथरूममधून. “बा रोज म्हणतात, त्या काशीदच्या बाईला जमतं, तुला का नाही? काल मामांच्या घरी सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिच्या हाताला चवच नाही. मी सगळं तुम्ही सांगता तसंच करते.”

सुचिताही सून होती. घरात आल्यावर पहिली किती वर्षं तिने ‘हिला भात मोकळा करता येत नाही’ हे पाहुण्यांसमोर ऐकलं होतं. आता तिच्यामुळे दुसरी कुणीतरी तेच ऐकत होती, आणि तेही न केलेल्या चुकीसाठी. त्या दिवसापासून तिची झोप उडाली. भाजी चिरता चिरता ती थांबायची. पाहुण्यांना खोलीची चावी द्यायची सोडून हातातली पळीच द्यायला निघायची. डॉक्टरांनी तपासून ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्याने भूक तेवढी वाढली.

पूर्वी नावाची तिची मुलगी पनवेलला नर्सिंग शिकत होती. ती सुट्टीवर आली, तिने आईला अंगणात गाठलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकताना पूर्वीने ओठ घट्ट मिटून धरले होते. मग ती उठून विहिरीपाशी गेली, वाकून आत बघत मनसोक्त हसली आणि गंभीर चेहऱ्याने परत आली.

“मम्मी, तू कुणाशी तरी बोलायला पायजे.”

“तुझ्याशी बोलले ना.”

“माझ्याशी नाही. त्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाशी.”

“म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरकडे?” सुचिताने इकडेतिकडे बघत विचारलं. “गावात कळलं तर खोल्या कोण घेईल?”

लाजेच्या आजाराचं हेच वाईट. त्याच्या औषधाचीही लाज वाटते. शेवटी आधी फोनवरच बघायचं ठरलं. पहिला जो माणूस सापडला तो थोड्याच दिवसांत आत्मविश्वास वाढवून द्यायचं म्हणत होता. त्याने सुचिताला पहाटे उठून मोठ्याने ‘मी श्रेष्ठ आहे’ असं म्हणायला लावलं. तिने अंगणात उभं राहून ते म्हटलं, तेव्हा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आलेल्या नामाने विचारलं, “कोण?” तिथेच तो उपचार संपला.

मग पूर्वीने नीट शोध घेतला. “मम्मी, तुझा त्रास भीतीचा नाही, लाजेचा आहे. जी माणसं स्वतःला सारखी टोचत बसतात, त्यांच्यासाठी करुणेवर आधारलेली एक पद्धत असते. अलिबागला एक मॅडम ती वापरतात. पण आधी फोन करून विचार. शिकलात कुठे, लाजेवर काम कसं करता, आणि आपलं जमलं नाही तर काय.”

सुचिताने हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारून टाकले. पलीकडे कल्पिता मॅडम नावाची बाई शांतपणे उत्तरं देत गेली. शेवटी म्हणाली, “आणि आपलं नाही जमलं, तर दुसरं कुणी शोधायला मीच तुम्हाला मदत करीन.” सुचिताने उभ्या आयुष्यात असं बोलणारी मासळीवाली पाहिली नव्हती, लॉजवाली तर नाहीच नाही. तिने वेळ घेतली.

कल्पिता मॅडमची खोली अलिबागला चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. ही देवाचीच कृपा असं सुचिताला वाटलं. घरी तिने सांगितलं, डोळे तपासायला जाते. एसटीत ओळखीची भागुबाई भेटली, तिलाही तेच सांगितलं. जिना चढताना मात्र ती दुकानाच्या काचेत वाकून वाकून चष्मे बघत बघत चढली, कुणी पाहत असेल तर म्हणून.

वर गेल्यावर ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली आणि एका श्वासात सगळं सांगितलं. बांचं ताट, मसाला, शेगडी, विहीर, हिरल. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “आता तुम्ही मला काय बोलायचं ते बोला.”

“मी कशाला बोलू?” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही वर्षभर स्वतःला बोलताच आहात. तो आवाज कसा असतो?”

सुचिताने विचार केला. “माझाच असतो. फक्त शाळेतल्या बाईंसारखा शुद्ध बोलतो.”

“काय म्हणतो?”

“तू नीच बाई आहेस, म्हणतो. म्हातारीचा धर्म बाटवलास, एका सुनेचा संसार नासवलास.”

मॅडम हसल्या नाहीत. सुचिताला त्याचंच रडू आलं. मॅडमनी पाणी दिलं आणि विचारलं, “तुमच्याकडे खोल्या किती?”

“तीन.”

“डोक्यातही तशा तीन समजा. एका खोलीत धोक्याची घंटा बसवलेली आहे. काही झालं की ती वाजते, आणि माणूस पळतो, भांडतो किंवा तोंडाला येईल ते बोलून सुटतो. दुसरीत धडपड राहते. काम उरका, पैसे मिळवा, नाव राखा. तिसरी खोली निवाऱ्याची. तिथे माणसाला कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं शांत वाटतं. तुमच्या पहिल्या दोन खोल्या कायम भरलेल्या आहेत. तिसरीचं काय?”

“तिसरी आम्ही भाड्यानेच देत नाही,” सुचिता म्हणाली. “तिथे सासूबाई झोपतात.”

आता मॅडम हसल्या, आणि थोडा वेळ थांबल्याच नाहीत. सुचितालाही किती तरी दिवसांनी हसू आलं.

दर आठवड्याला ती जाऊ लागली. मॅडमनी तिला संथ श्वास घ्यायला शिकवलं; छातीवर हात ठेवायचा, पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सोडताना घाई करायची नाही. मग म्हणाल्या, तुमच्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या हातून असं झालं असतं तर तिला जे म्हणाला असतात, तेच स्वतःला म्हणून बघा. इथे सुचिता अडली.

“मी स्वतःशी मायेने बोलायला लागले तर सोकावेन, मॅडम. आज वांग्यात जवळा, उद्या बासुंदीत बोंबील टाकीन.”

“बरेच जण असंच घाबरतात. पण करुणा म्हणजे लाड नव्हेत. पोर पाण्यात पडलं तर काठावर उभं राहून सोन्या-राजा म्हणणं ही करुणा नाही. पाण्यात उतरावं लागतं. आता मला सांगा, वर्षभर तुम्ही स्वतःला फटके मारलेत, त्याने हिरलला काय मिळालं?”

“पाण्याचे कॅन,” सुचिता म्हणाली आणि खाली बघत राहिली.

“जवळा तुम्ही टाकला नाहीत. घाबरल्यावर तोंडातून भलतंच निघालं, हीसुद्धा माणसाच्या मेंदूची फार जुनी खोड आहे, तुमची एकटीची नाही. लाज म्हणते, मी वाईट आहे, मला लपू दे. पश्चात्ताप म्हणतो, माझ्याकडून वाईट झालं, आता काय करू? लपायचं थांबवलंत की दुसरा प्रश्न ऐकू येईल.”

हे सगळं सुचिताला पटत होतं, फक्त काशीदला उतरेपर्यंत. उतरल्यावर नामा विचारायचा, “चष्म्याला एवढ्या फेऱ्या?” शेवटी तिने खालच्या दुकानातून एक चष्मा घेऊनच टाकला, बिननंबराचा. त्याने आठवडाभर काम भागलं. मग एका सकाळी येसूबाईंनी तिचा चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर चढवला आणि नारळीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

“यात नंबर कुठं हाय गो? मला पन तितकंच दिसतं.”

‘मसाला’च्याच जातीचं काहीतरी तिच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. तिने पाय जमिनीवर टेकवले, एक श्वास सोडला आणि म्हणाली, “नंबर नाहीच आहे, आई. मी अलिबागला एका बाईंकडे जाते. मनातलं बोलायला.”

येसूबाईंनी चष्मा काढला. “कशाबद्दल?”

“वांग्याबद्दल.”

“माझं नाव काढतेस काय तिच्याकडं?”

“थोडंसं.”

“थोडंसंच? मग ती बाई नीट इचारत न्हाय तुला,” असं म्हणून येसूबाई आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी त्यावर आणखी एक शब्दही काढला नाही, आणि येसूबाईंच्या बाबतीत ही काळजी करण्यासारखी गोष्ट होती.

त्याच आठवड्यात बांचा स्वतःचा फोन आला. “सुचिता, हिरलकडून नाही होत. आता मी येते. तू कर, मी समोर बसून बघते. बघू तर, राहतं काय.”

आता मात्र फास आवळला. जवळा टाकला तर जाणूनबुजून पाप. नाही टाकला तर म्हातारीची जीभ पहिल्या घासाला चोरी पकडणार. आणि पकडली नाही, तर घरी जाऊन पुन्हा हिरललाच बोलणार. सुचिता मॅडमकडे गेली ती जवळजवळ पळतच.

“सांगितलं तर त्या मला शाप देतील.”

“देतीलही,” मॅडम म्हणाल्या. “मी खोटा दिलासा देणार नाही. तेव्हा तुमच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं लागेल. ते कुणीतरी तुम्हीच व्हायचं आहे. त्यांनी माफ करावं म्हणून सांगू नका. हिरलचं ओझं उतरावं म्हणून सांगा.”

बा शनिवारी आल्या. मांडव्याला उतरून रिक्षाने थेट दारात. आधी त्यांनी बोर्ड वाचला आणि समाधानाने मान हलवली. हातपाय धुऊन त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. सोबत त्यांनी स्वतः निवडून आणलेली जांभळी वांगी होती. कोपऱ्यात येसूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. नामा पाणी शेंदायला गेला होता. खास पाहुण्यांसाठी ताजं हवं, असं त्याचं म्हणणं.

“चाल, सुरू कर,” बा म्हणाल्या.

सुचिताने विळीवर एक वांगं ठेवलं आणि तसंच उचलून बाजूला ठेवलं. ती विळीवरून उठली आणि बांच्या समोर जमिनीवर बसली.

“बा, मागच्या वेळी तुमच्या ताटात काहीतरी दिसलं होतं. तुम्ही विचारलंत, मी मसाला म्हणाले. तो मसाला नव्हता. सुकी मासळी होती. जवळा. तुमचं तिसऱ्यांदा वाढून झालं तेव्हा मला कळलं, आणि मी बोलले नाही. नंतर हिरलने विचारलं तेव्हाही नाही. चूल, मातीचं भांडं, विहीर, सगळं मी बनवून सांगितलं.”

“टाकला मी,” कोपऱ्यातून येसूबाई म्हणाल्या. “तिनं न्हाय. तिला ठावं पन नव्हतं.”

बा एकदा या सुनेकडे, एकदा त्या सासूकडे बघत राहिल्या. मग हाताचा आधार घेत उठल्या, विहिरीवर गेल्या आणि नामाच्या हातातला तांब्या घेऊन चुळा भरू लागल्या. वर्षापूर्वीच्या घासासाठी त्या कितीतरी वेळ चुळा भरत होत्या. नामा अभिमानाने म्हणाला, “गोड हाय ना पानी?” बांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बादली तिथेच ठेवून घरामागे गेला.

सुचिता थोड्या अंतरावर उभी होती. तिला पळावंसं वाटत होतं. आतला शुद्ध बोलणारा आवाजही सुरू झालाच होता. तिने छातीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली; निदान या वेळी ती हलणार नव्हती.

बा ओटीवर येऊन टेकल्या. त्यांचे डोळे भरले होते. “माझ्या ठाकोरजींना, माझ्या देवाला, मी काय सांगू?”

बनवून सांगायचं सुचिताने आता सोडलं होतं. ती येऊन त्यांच्या बाजूला बसली.

“सांगेन त्यांना,” बा स्वतःशीच म्हणाल्या. “ते ऐकतील. नकळत झालेलं ते समजतात. उपास करीन.” मग त्या एकदम थांबल्या. चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं ते सुचिताने लगेच ओळखलं. रोज आरशात बघत होती ती.

“पण हिरल?” बा म्हणाल्या. “त्या पोरीला मी… माझ्या भावाच्या घरी, सगळ्यांच्या समोर म्हटलं मी. तिने शेगडीवर हात भाजून घेतला, तेव्हा पण म्हटलं, लक्ष नसतं तुझं. जी चव वांग्याची नव्हतीच, ती मी वर्षभर तिच्या हातात शोधत होते.”

“तिला फोन करा, बा.”

“फोनवर कसं सांगू? घरी गेल्यावर सांगते. जरा सवडीने. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे, तेव्हा चांगल्या मूडमध्ये…”

“मी पण असंच सवडीने म्हणत वर्ष काढलं,” सुचिता म्हणाली. “लाज वाटतेय ना? वाटू दे. पाय खाली टेका. इथे छातीवर हात ठेवा. श्वास हळू सोडा. मी बाजूला बसलेय.”

बांनी अविश्वासाने तिच्याकडे पाहिलं, पण हात ठेवला. आतून येसूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. फोन लागला. बांनी तोंड उघडायच्या आत पलीकडून हिरलच घाईघाईने बोलू लागली.

“बा, तुम्ही पोचलात? मी आज परत करून बघितली. सॉरी बा, आज पण नाही जमली. माझं मीठच…”

बांनी फोन सुचिताच्या हातात कोंबला. “तू सांग.”

सुचिताने तो हळूच परत त्यांच्या हातात ठेवला. मग बांनी सांगितलं. मोडकंतोडकं, अर्धं गुजराती, मध्येच नाक ओढत, पण सगळं सांगितलं.

“म्हणजे माझी भाजी बरोबर होत होती?” हिरलने विचारलं.

“बरोबर होत होती, बेटा.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून. मीच खोटी होते.”

फोनमधून एक आवाज आला. बांनी फोन कानापासून दूर धरला आणि घाबरून कुजबुजल्या, “हसते का रडते?”

सुचिताने ऐकलं. “दोन्ही.”

“बा,” मग हिरल म्हणाली, “एक सांगू? मला वांगं आवडतच नाही.”

“मग वर्षभर रोज खाल्लंस कशाला?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

बांनी फोन ठेवला आणि पदरात तोंड खुपसून बसून राहिल्या. येसूबाई उंबऱ्यावरून हलल्या नव्हत्या. लसणाची सालं त्यांच्या मुठीत तशीच होती. त्यांनी बांकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

“सुचिते,” त्या म्हणाल्या, “ती अलिबागची बाई सासवांना पन घेते काय?”

“का हो, आई?”

“ह्या बाईसाठी इचारते,” येसूबाई बांकडे हात करत म्हणाल्या. मग सालं अंगणात टाकत म्हणाल्या, “म्हंजे मी सोबत जाईन. तिला अलिबाग कुठं ठावं हाय.”

सुचिताने तिथेच मॅडमना फोन लावला. मॅडमनी विचारलं, वेळ कुणासाठी हवी आहे. सुचिताने ओटीवर बसलेल्या दोघींकडे पाहिलं. दोघीही विहिरीकडे बघत होत्या.

“दोघींसाठी,” ती म्हणाली.

दोघींपैकी कुणीही तिला खोटं पाडलं नाही.